बुटातला कापूस

माझ्या मुलीचे फुटबॉलचे बूट मी तिच्या नवव्या वर्षी घेतले, ते मुद्दाम दोन नंबर मोठे. वाढत्या अंगाची पोर, पाय काय बघता बघता मोठे होतील, असा साधा विचार. पुढच्या बाजूला कापसाचा बोळा कोंबला आणि तिला सांगितलं, पाय वाढेल तसा थोडा थोडा काढत जा. साडेअकरा वर्षांची झाली तरी तो बोळा होता तिथेच होता. दर महिन्याला बूट धुताना मीच तो बाहेर काढत होते, गच्चीत वाळवत होते आणि पुन्हा जागच्या जागी कोंबत होते. आणि मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अठरा वर्षं झाली शिकवतेय.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी बऱ्याच जणांच्या नावानं खडे फोडणार आहे, त्यात पहिला नंबर माझा आहे.

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. नवरा नोकरीसाठी पुण्यात, शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो, त्यामुळे घरात खरी माणसं तीनच: मी, मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, मुलगी आज्जा म्हणते. मामांचं आयुष्य फौंड्रीत गेलं आणि त्याआधीची तरुणपणातली वर्षं तालमीत. आता अंगावर मांस राहिलेलं नाही, पण एक सवय सुटलेली नाही. रोज सकाळी कट्ट्यावर जाऊन धारेचं दूध प्यायचं. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसानं भरलेला कोमट पेला हातात देतो. तो तिथेच उभ्यानं संपवायचा, मिशी पुसायची आणि घरी यायचं. मुलगी चालायला लागल्यापासून मामांच्या बोटाला धरून तिथे जाते. तिला मिशी नाही, पण फेसाची येते, आणि तीही ती मामांसारखीच मनगटानं पुसते.

ती गोलकीपर. आमच्या पेठेत फुटबॉलचं वेड कुणाला शिकवावं लागत नाही, आणि अलीकडे मुलींचेही संघ झालेत. नऊ वर्षांची असताना ती डावीकडे उजवीकडे अशी झेप घ्यायची की माझा जीव वरखाली व्हायचा. दोन वर्षांत बाकीच्या मुली वर गेल्या आणि ही तिथेच राहिली. एके दिवशी तिला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सध्या बाकावर बस बाळ, उंची आली की बघू." उंची आली की! जणू ती पार्सलनं यायची होती. पोरगी रोज हातमोजे घालून बाकावर बसायची आणि घरी आली की एकच विचारायची, "आई, मी कधी वाढणार गं?"

मग सुरू झाले सल्ले. कोल्हापुरात सल्ला मागावा लागत नाही, दार उघडं असलं तरी पुरतं. माझी नणंद गडमुडशिंगीत राहते. ती फोनवर म्हणाली, "चौकटीला लोंबकळू दे की तिला, रोज पंधरा मिनिटं." समोरच्या काकू म्हणाल्या, सायकल. कुणी म्हणालं, अश्वगंधा. मामांचं निदान सगळ्यांत सोपं होतं. "दूध कमी पडालंय पोरीला." एका पेल्याचे दोन पेले झाले. आणि मी काय म्हणाले? "आमच्या घराण्यात सगळेच उशिरा वाढतात." माझ्या घराण्यात कोण कधी वाढलं याची मला काडीचीही माहिती नाही. पण शिकलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही, त्यातलाच प्रकार.

कळलं ते भर वर्गात. बारावीला मी पेशींच्या संदेशांचा धडा घेत होते. हा धडा मला आवडतो, मी तो रंगवून शिकवते. शरीरात कोट्यवधी पेशी आहेत, त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, मग कधी वाढायचं आणि कधी थांबायचं हे त्यांना कोण सांगतं? ग्रंथी रक्तात एक रेणू सोडते. तो सगळ्या अंगभर फिरतो, पण ज्या पेशीजवळ त्याला ओळखणारी प्रथिनाची खाच असते, तीच पेशी जागी होते. गल्लीत कुणी शीळ घातली तर ज्याची शीळ असते तोच खिडकीत येतो, असं मी सांगते आणि मुलं दरवर्षी त्याच जागी हसतात. मग बेडकाच्या पिल्लाचं उदाहरण. पाण्यात शेपटी हलवणाऱ्या त्या पिल्लाला थायरॉइडचा संदेश मिळाला नाही, तर त्याला पाय फुटत नाहीत. मरत नाही ते. नुसतं पिल्लू म्हणून पोहत राहतं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आणि माणसाच्या मुलांना नाही मिळाला तर?"

"वाढ खुंटते," मी फळ्याकडे तोंड करून सांगायला लागले. "थंडी सहन होत नाही. कातडी कोरडी पडते. पोट साफ होत नाही. सुस्ती येते." हे म्हणता म्हणता खडू हातातच राहिला. एप्रिलमध्ये स्वेटर मागणारी, कोपरांना खोबरेल चोळून घेणारी, शाळेतून आली की दप्तरासकट झोपणारी माझी मुलगी मला त्या फळ्यावर यादीसारखी लिहिलेली दिसली. दोन वर्षं मी तिला आळशी म्हणत होते. उरलेला तास मी कसा घेतला ते आठवत नाही.

रक्त तपासलं, हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ थंडावली होती. एक्स-रे दाखवत त्या म्हणाल्या की पोरीचं वय साडेअकरा, पण हाडं नऊ वर्षांच्या मुलीची आहेत. मी घाबरले, तर म्हणाल्या, "घाबरू नका, ही चांगली गोष्ट आहे. हाडांच्या टोकांना वाढीच्या पेशींच्या रांगा असतात, त्या अजून उघड्या आहेत. एकदा का वयात आली की त्या हळूहळू मिटतात, मग काही करता येत नाही. वेळ आहे हातात, पण वाया घालवण्याइतका नाही."

औषध म्हणजे एक बारकी पांढरी गोळी. जो संदेश ग्रंथी देत नाही तोच गोळीतून द्यायचा. रोज पहाटे, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर बराच वेळ काही खायचं प्यायचं नाही. डॉक्टरांनी मला हे नीट सांगितलं होतं, शब्दन्‌ शब्द. आता घरी काय झालं ते ऐका. माझं कॉलेज सकाळचं, सव्वासहाला मी घराबाहेर पडते. मुलगी साडेसहाला उठते. म्हणजे गोळीचं काम मामांकडे. चपलेत पाय घालता घालता, एका हातानं केस बांधत, मी मामांना म्हणाले, "उठल्या उठल्या द्यायची, चहा-नाश्त्याच्या आधी." झालं माझं सांगून. दहा मिनिटांत संपणारा धडा मी दोन तास शिकवते, आणि घरात मात्र एका ओळीत उरकला.

सहा आठवड्यांनी तपासणी. आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुन्हा तपासणी, पुन्हा तेच, पुन्हा डोस वाढवला. तिसऱ्यांदा त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि मला हळू आवाजात म्हणाल्या, "गोळी पोटात जाते ना नक्की? या वयाची मुलं तोंडात धरतात आणि टाकून देतात. जरा लक्ष ठेवा."

माझ्या डोक्यात तेवढी ठिणगी पुरली. घरी आल्यावर मी कपाटामागे बघितलं, मोरीची जाळी उचलली, कुंड्यांतली माती उकरली. कुठेही गोळी नाही. ती सापडली नाही याचा मी असा अर्थ लावला की पोरगी हुशार आहे. रविवारी मी घरी असते, तेव्हा गोळी मी स्वतः देऊ लागले. पाण्याचा पेला पुढे करायचा आणि मग, "तोंड उघड. जीभ वर कर. आता गालाकडची बाजू." ती तोंड उघडून माझ्याकडे बघत राहायची. मी टॉर्च लावून आत बघायचे.

"मी रोज घेतो की गं," ती म्हणायची. आमच्याकडच्या सगळ्या मुलींसारखी तीही स्वतःबद्दल जातो-येतो असंच बोलते. "आज्जाला विचार."

मामांना विचारलं तर ते भडकले. "माझ्या डोळ्यांम्होरं गिळती ती. माझ्यावर बी इश्वास न्हाय व्हय तुझा?"

आता इथे थांबून विचार करायला काय हरकत होती? पण नाही. दोघं मिळून मला बनवतायत असं मी ठरवून टाकलं. त्या दिवसांत आमच्या घरात जे चाललं होतं ते मी वर्गात दरवर्षी शिकवते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती थायरॉइडला हुकूम सोडते. उत्तर आलं नाही की ती आवाज चढवते. तरी नाही आलं की आणखी चढवते. रक्ताच्या रिपोर्टात जो वाढलेला आकडा येत होता तो त्या ओरडण्याचा होता. ओरडण्यात तिची चूक नसते, कारण तिला दुसरं काही येतच नाही. मला येत होतं, मी दोन पदव्या घेतल्यात.

त्या शुक्रवारी तिच्या संघाचा सामना होता आणि ती पुन्हा बाकावर होती. घरी येऊन बूट न काढताच सोफ्यावर आडवी झाली. मी रिपोर्टची फाईल हातात घेऊनच उभी होते. तोंडातून निघून गेलं, "तुला मोठं व्हायचंच नाहीये. बस मग जन्मभर बाकावर." ती रडली नाही. उठली, हातमोजे उचलले आणि दप्तराच्या तळाशी, पुस्तकांच्या खाली दाबून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून तिनं "मी कधी वाढणार" हे विचारणं बंद केलं. मला वाटलं, चला, एक कटकट कमी झाली. अशी मी आई.

मग एका मंगळवारी आमच्या कॉलेजात पाण्याची मोटर जळली आणि मुलांना सोडून दिलं. पावणेसातच्या सुमाराला मी परत निघाले. घरात दूध नव्हतं, म्हणून वाटेत कट्ट्यावर गाडी थांबवली. तिथे मला मामांची पाठ दिसली. शेजारी मुलगी, डोळे अजून अर्धे मिटलेले, अंगात स्वेटर. गवळ्यानं नुकताच पेला भरून दिला होता, फेस काठाच्या वर आलेला. मामांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी अंगठ्यानं दाबून तळहातावर घेतली, देवळातला प्रसाद द्यावा तशी नातीच्या हातावर ठेवली, आणि म्हणाले, "घे बाय. दुधासंगं घे."

पोरीनं गोळी तोंडात टाकली आणि पेला घटाघटा रिकामा केला. मिशी पुसली.

मी जी ओरडले, त्यानं म्हैस सरकली. "मामा! दुधाबरोबर? रोज?"

गवळ्याला वाटलं माझी तक्रार त्याच्याबद्दल आहे. तो बादली पुढे करून म्हणाला, "वैनी, आत्ता काडलंय की! पानी न्हाय त्यात, तुमच्याम्होरं धार मारतो, या."

"तुमच्या दुधाला कोण काय म्हणतंय?" मी त्याच्यावर ओरडले. मग मामांवर ओरडले. दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात उतरतच नाही, आली तशी निघून जाते, चार महिने आपण गोळ्या म्हशीच्या दुधात घालून वाया घालवल्या, असं सगळं मी रस्त्यात उभी राहून, बारावीच्या वर्गात सांगते त्याच्या दुप्पट आवाजात सांगितलं. दूध प्यायला आलेली चार माणसं पेले हातात धरून ऐकत होती. त्यातल्या एकानं तर मान डोलावली.

मामांचा चेहरा उतरला. "पाण्यासंगं नुसती गोळी पोटात काय करती? म्या म्हटलं दुधासंगं दिली तर अंगी लागंल." त्यांच्या हातात ती पट्टी तशीच होती. "तालमीत वस्ताद सगळं दुधातनंच द्यायचे. तू चहाच्या आधी म्हणालीस. चहा न्हाई दिला कधी तिला."

हे खरं होतं. चहा कधीच दिला नव्हता. त्या माणसानं चार महिने एकही दिवस न चुकता, आपल्याला जे सगळ्यात चांगलं वाटतं त्याच्याबरोबर नातीला औषध दिलं होतं. सांगणारी मी होते, आणि जे सांगायचं तेच मी सांगितलं नव्हतं.

मुलगी आमच्या दोघांकडे बघत होती. मी तिला म्हणाले, "अगं, मला सांगायचंस तरी की दुधाबरोबर घेतेस म्हणून."

"तू विचारलंस कुठं?" ती म्हणाली. "तू नुस्तं विचारायचीस घेतलीस का, घेतलीस का. घेत होतो मी."

मी तिथेच, त्या चार माणसांसमोर आणि म्हशीसमोर, तिची माफी मागितली. चुकलं माझं, म्हणाले, तू खोटं बोलत नव्हतीस. ती म्हणाली, "असू दे." आणि मामांचा हात धरून चालायला लागली. असू दे म्हणजे माफ केलं असं नसतं, एवढं मला कळतं.

डॉक्टरबाई आधी हसल्या आणि मग माझ्यावर चांगल्याच रागावल्या, जे बरोबरच होतं. "तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना?" एवढंच म्हणाल्या, पण ते आठ दिवस टोचत राहिलं. वाढवत नेलेला डोस त्यांनी खाली आणला, कारण आता सगळी गोळी रक्तात उतरणार होती. दूध संध्याकाळी, असा हुकूम सुटला.

मामा तीन दिवस कट्ट्याकडे फिरकले नाहीत. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माझ्यामुळं पोरीचे चार महिने गेले." मी म्हटलं माझ्यामुळे गेले, तर तेही त्यांना मान्य होईना. चौथ्या दिवशी त्यांनी कुठूनसं जुनं गजराचं घड्याळ आणलं. तेव्हापासून आमच्या घरात पाच वाजता जो गजर वाजतो त्यानं अख्खी गल्ली उठते. मामा नातीला बसतं करतात, पाण्याचा पेला देतात, गोळी देतात, आणि मग नाश्त्याची वेळ होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहारा देतात. एकदा मी तिला बिस्किट द्यायला गेले तर मलाच अडवलं. "अजून धा मिंटं हायत." माझाच धडा मला शिकवतात. मी चिडून बिस्किट परत डब्यात टाकलं.

पुढच्या तपासणीत आकडा खाली आला, त्याच्या पुढच्या तपासणीत जागेवर आला. मेंदूतली ती ग्रंथी ओरडायची थांबली. पण रिपोर्ट म्हणजे कागद. पोरगी दिसायला तेवढीच होती. स्वेटर तेवढा सुटला. मी दर रविवारी तिला भिंतीला उभी करून मोजायचे, ती उभी राहायची, किती झालं ते विचारायची नाही. भिंतीवरची रेघ वर सरकली तरी केसभरच सरकायची. हातमोजे दप्तरात आहेत की नाहीत हे बघायचं धाडस मला झालं नाही. बूटही आता ती स्वतःच धुवायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं सगळं भरून निघेलच असं नाही. रात्रंदिवस ते चार महिने मी मोजत होते, आणि त्याआधीची दोन वर्षंही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते, डोकं उठलेलं होतं. मुलगी सरावाहून आली ती लंगडत. मी लाल पेन आपटला. "आता काय करून आलीस? कुठे पडलीस? किती वेळा सांगितलं, वॉर्मअप केल्याशिवाय उडी मारू नको. आणि तुला उडी मारायला कुणी सांगितलं, तू तर बाकावर—" एवढ्यावर मी जीभ चावली.

"पडलो न्हाय," ती पायरीवर बसून नाड्या सोडत म्हणाली. "बूट चावालेत."

"बूट कसे चावतील? दोन नंबर मोठे आहेत ते! कापूस नीट बसवला नसशील. आण इकडे."

तिनं बूट माझ्याकडे फेकला. मी आत हात घातला. बोटं थेट टोकापर्यंत गेली. आत काहीच नव्हतं.

"कापूस कुठाय?"

"काढला की. दिवाळीच्या सुट्टीतच काढला."

मी पुन्हा बुटात हात घालून बघितलं. मामा आतून चष्मा लावत बाहेर आले. पोरीनं पाय पुढे केला. अंगठा लाल झाला होता, नखापाशी फोड आला होता. दप्तर बाजूला उघडं पडलं होतं आणि वरच हातमोजे होते, चिखलानं भरलेले.

"खरंच चावतायत?" मी विचारलं.

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "खरंच. तोंड उघडून दाखवू?"